चौथी खुंटी

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलं काम आहे. फाईल कधीच बंद झाली, पण माझ्या डोक्यातून ते शेत जात नाही.

मी सोलापुरात बांधकाम परवानगीच्या फायली करतो. गोठा, कांदाचाळ, बेदाण्याची शेड, शेतातलं घर. लोकांना वाटतं, नकाशा काढणं हेच काम. नकाशा एका संध्याकाळी होतो. खरा वेळ जातो तो सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि 'इतर हक्क' रकान्यातल्या नोंदी यांचा मेळ घालण्यात. नान्नजच्या बाजूचं काम असलं की माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याची हद्दही तपासावी लागते. १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्यात गावंच्या गावं, विहिरी-बागांसकट आली. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणलं. पण मधल्या काळात ज्यांची खरेदी-विक्री अडली, त्यांच्या मनात बसलेली अढी क्षेत्र घटल्यानं गेली नाही. आजही पारावर माळढोकाचं नाव काढलं की म्हातारी माणसं आधी आपल्या अडलेल्या जमिनीचं सांगतात. मी त्यांना दोष देत नाही.

अण्णा नान्नजचे द्राक्ष बागायतदार. त्यांना बेदाण्याची शेड घालायची होती. नान्नज म्हणजे द्राक्षाचं गाव. सोनाका हे द्राक्षाच्या वाणाचं नावच सोलापूर, नान्नज आणि तो वाण काढणारे बागायतदार काळे या तिन्हींची पहिली अक्षरं घेऊन झालंय. बाजार पडला की द्राक्ष वाळवायचं, हा इथला जुना आधार. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो. शेड बाहेरून साधी दिसते, वर पत्रे आणि बाजूंना हिरवी शेडनेट. पण ती मांडणं सोपं नाही. आत जाळ्यांचे दहा-अकरा थर, त्यावर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढलेले घड. वारा प्रत्येक थरातून आरपार गेला पाहिजे. झाड, भिंत, उसाचा फड, काहीही आड आलं की खालच्या थरांत माल काळा पडतो. म्हणून जागा लागते उघडी, उंचावरची, चारी बाजूंनी मोकळी.

म्हणजे माळ. आणि माळढोकालाही नेमकी तीच जागा लागते. दूरवर नजर जाईल असं उघडं गवताळ रान. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी जड, समोरचं कमी दिसणारा. उडताना आडवी आलेली वीजतार त्याला वेळेत दिसत नाही.

जागा अण्णांनी आधीच ठरवून ठेवली होती. गटाच्या वरच्या अंगाला, मुरमाड टेकाडावर. सातबाऱ्यावर ती पोटखराबा, वर्ग अ, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. "चांगलं रान कशापायी घालवायचं सायेब? हितं काय बी उगवत न्हाई." मला ते पटलंही होतं. वीस वर्षं मी हेच करत आलोय. शेड पोटखराब्यात, बागायत वाचवायची. उगवतं तिथं काय, हा प्रश्न कुठल्याच अर्जात नाही. कुसळी आणि पवन्या या माळावरच्या गवतांना तिथं रकाना नाही.

कागदावर अडचण एकच होती. जमीन महसूल संहितेत शेतीच्या बांधकामाची जी व्याख्या आहे, तिच्यात आपल्या जमिनीवरचा माल साठवणं, जनावरं बांधणं, कसण्याच्या कामाचाच भाग असलेली सोय हे बसतं. दुसऱ्याचा माल भाड्यानं वाळवला की तो धंदा झाला आणि अकृषिकचा, म्हणजे जमिनीच्या बिगरशेती वापराचा, प्रश्न उभा राहतो. मी सरळ विचारलं. अण्णा म्हणाले, "पावन्याची द्राक्षं आली तर न्हाई कसं म्हनायचं?" आमच्या लाईनीतले बरेच जण इथं डोळे झाकून 'फक्त स्वतःचा माल' लिहून मोकळे होतात. पुढे पंचनामा झाला की मरतो तो शेतकरी. मी लिहायला नकार दिला. शेवटी अण्णांनी पाहुण्यांना नाही म्हणायचं कबूल केलं आणि शेड लहान केली.

आखणीला सकाळी सातलाच गेलो, कारण दहानंतर त्या टेकाडावर उभं राहवत नाही. बरोबर बीटाचा वनरक्षक होता. पोरगा तिशीच्या आतला, पण माळ पायाखाली घातलेला. तीन खुंट्या ठोकल्या. चौथीसाठी टेप ओढत मागं सरकत होतो, तेवढ्यात त्यानं माझा दंड धरला. "साहेब, पाय उचलू नका."

मला काहीच दिसेना. त्यानं बोट दाखवलं, तरी दिसेना. मग खडेच खडे असलेल्या जमिनीत दोन खडे जरा जास्त गोल वाटले. फिकट मातकट, वर काळपट ठिपक्यांची नक्षी. घरटं म्हणावं असं काही नाही, नुसता उथळ खळगा. धाविक या माळावरच्या पक्ष्याची अंडी. वीसेक पावलांवर ती धाविक धावायची, थबकायची, परत धावायची. माझी टाच वितभर अंतरावर होती. अण्णाही वाकून बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य त्या रानात गेलंय, पण अंडी पहिल्यांदाच बघितली म्हणाले.

माळढोक नव्हता तो. धाविकच्या अंड्यांवरून मी प्रस्ताव अडवू शकत नव्हतो, आणि ते माझं कामही नव्हे. पण वनरक्षक एवढंच म्हणाला, "जिथं हे घालतात, तिथंच तोही येतो. आला तर." आणि शेड इथं आली की मागून विजेचे खांब येणार. आज एखादा माळढोक दिसला तरी नान्नजमध्ये त्याची चर्चा होते, अशी वेळ आलेली आहे.

मी अण्णांना दुसरी जागा सुचवली. खाली विहिरीजवळ, जिथं खांब आधीच होता. तिथून शेडपर्यंत जमिनीखालून केबल नेता येते. पण वारा मोकळा ठेवायला वेलींच्या चार ओळी काढाव्या लागणार होत्या. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी म्हनताय तर."

त्या 'तुमी म्हनताय तर'चं ओझं मला अजून जाणवतं. नवा नकाशा, नवी चतुःसीमा, पुन्हा स्थळपाहणी. एका टेबलावर फाईल कारण न देता पडून राहिली. मी तिथं नऊ फेऱ्या मारल्या. जागा बदलल्यामुळं फाईल मागं गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जुन्या जागेवर ती ऑक्टोबरातच निघाली असती. परवानगी हातात आली तेव्हा मार्च उजाडला होता. शेड उभी राहीपर्यंत हंगाम गेला आणि अण्णांनी द्राक्ष व्यापाऱ्याला पडेल भावानं दिलं. ते मला काही बोलले नाहीत. त्यांची बायको मात्र चहा ठेवताना बोलली, "दादा, चार वळी पन गेल्या आन् साल पन."

आखणीनंतर पंधरा दिवसांनी मी एकटाच टेकाडावर जाऊन आलो होतो. खळगा रिकामा होता. पिल्लं निघून गेली की खोकडानं नेली, ते कळायला काही मार्ग नव्हता. तिन्ही खुंट्या तशाच होत्या. मी त्या उपटल्या आणि गाडीत टाकल्या.

येत्या सोमवारी त्याच शिवारात अण्णांच्या भावाच्या गोठ्याची जागा बघायची आहे. त्यांनीही पोटखराबाच दाखवलाय. वनरक्षकाला फोन केलाय. टेप काढायच्या आधी आम्ही दोघं तो तुकडा चालून बघणार आहोत. अण्णा स्वतःहून म्हणाले, मी पण येतो.