आमची वाटचाल : कुपवाडची शेड, मुंबईचा दर

१९९८ साली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एचएमटीचा जुना एलबी १७ लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, बसवला. पहिलं गिऱ्हाईक पलूसचे अण्णा. द्राक्षबागेच्या ब्लोअरचे शाफ्ट ते स्वतःच्या मायक्रोमीटरने मोजून घेत. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, जास्त भरले की माल परत, पण बिलाचे पैसे आठव्या दिवशी हातात. पुढची वीस वर्षं बरी गेली.

२०२१ मध्ये ४० लाखांचं कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन, घेतलं. कर्ज रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते त्याला, जोडलेलं. रेपो तेव्हा ४ टक्के. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सहा वेळा वाढवून तो ६.५० वर नेला. मला वर्षाला लाखभर व्याज जास्त बसलं. एप्रिल २०२२ ला महागाई ७.७९ टक्के होती, दर वाढवावेच लागणार, हे मान्य. पण दर वाढले की कामं आटतात, पगारही थंडावतात आणि महागाई उतरते, हा हिशोब आमच्याकडे लागू होत नाही. कुपवाड, मिरज, शिरोली, कागल, कामगारांसाठी सगळा एकच बाजार. माझे ब्लोअरवाले थांबले होते, तेव्हा शिरोलीच्या एका कारखानदाराकडे ट्रॅक्टरच्या कामाचा ढीग होता. त्याने महिन्याभरात माझे तीन सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे कारागीर, उचलले. चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, कातायचा तुकडा कसा धरायचा इथपासून मी शिकवलेली पोरं! उरलेल्या दोघांचा पगार वाढवावा लागला, तोही सीएनसी झाकून ठेवलेलं असताना.

डेन्मार्कचं चलन युरोला बांधलेलं आहे. फ्रँकफर्टला युरोच्या मध्यवर्ती बँकेने दर वाढवले की कोपनहेगनलाही वाढवावे लागतात. पण निदान त्यांची स्वतःची मध्यवर्ती बँक आहे. सांगलीच्या मंदीसाठी वेगळा दर कोण ठरवणार?

त्या दिवाळीला अण्णा शेडवर आले. पुढच्या हंगामाचे शाफ्ट आत्ताच कर म्हणाले आणि निम्मे पैसे टेबलावर ठेवले. पगार त्यातून झाले.

मशीनचं कर्ज काढणाऱ्यांनी दर किती एवढंच विचारू नये. रीसेट, म्हणजे आपला दर बदलणं, किती महिन्यांनी, रेपोवर बँकेचा स्प्रेड, म्हणजे वरचा जादा टक्का, किती आणि दर वाढला की हप्ता वाढणार की मुदत, हे लेखी घ्या. माझी मुदत वाढली होती, मला कळलं सात महिन्यांनी.

जून २०२५ मध्ये रेपो ५.५० वर आला. त्या तिघांतलं कोणी परतलं नाही. आयटीआयची दोन पोरं घेतली आहेत, पहिले सहा महिने ती एलबी १७ वरच उभी राहतात.