खुर्ची सोडून कोर्टात परत आलेला वकील

स्मरणिकेसाठी "शाळेने मला काय दिलं" यावर लिही म्हणाले, पण ते मला एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय लिहिता येणार नाही, आणि तो माणूस ना आपल्या शाळेचा ना मराठी. अ‍ॅडव्होकेट हरविंदर सिंग फुलका. 1984 च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या पीडितांच्या केसेस लढणारे वकील; दिल्लीत वकिली करणाऱ्या कुणालाही हे नाव सांगावं लागत नाही.

31 ऑक्टोबर 1984 ला इंदिराजींची त्यांच्याच शीख अंगरक्षकांकडून हत्या झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दिल्ली पेटली. मी तेव्हा नववीत होते. शाळा बंद, गच्चीवरून लांब धूर दिसायचा आणि आई हाताला धरून खाली आणायची. एकट्या दिल्लीत 2,733 शीख मारले गेले, हा सरकारी आकडा. शाळा उघडली तेव्हा गेटसमोरचं सरदारजींचं वह्या-पेन्सिलींचं दुकान काळंठिक्कर पडलेलं, शटर वाकलेलं, आत भिजलेल्या अर्धवट जळक्या वह्यांचे गठ्ठे. ते स्वतः वाचले होते. आपल्या मराठीच्या बाईंनी त्यांना मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसवलं, चहा दिला आणि नुकसानभरपाईचा अर्ज हिंदीतून लिहायला घेतला, आणि प्रती करायला आम्हा चौघींना बोलावलं. एकीने लिहिलं "बहुत नुकसान हुआ", बाईंनी ते खोडलं. किती वह्या, किती दस्ते कागद, किती वाजता, कोणी पाहिलं, ते विचारून लिही म्हणाल्या. त्या दिवशी बाई आम्हाला काय शिकवत होत्या ते मला वकील झाल्यावर कळलं.

कारण नेमकं हेच काम तेव्हा फुलका दिल्लीत पीडितांसाठी उघडलेल्या कॅम्पांमधून करत होते. तिशीही न गाठलेला वकील, बायको गरोदर, स्वतः घरमालकाच्या आसऱ्याने वाचलेला, दिल्ली सोडून पंजाबात जायच्या बेतात, आणि कॅम्पात विधवांचे जबाब लिहून घ्यायला माणसं नाहीत म्हणून थांबला तो थांबलाच. आणि जबाब तरी कशाला, तर पोलिसांनी कित्येक ठिकाणी अख्ख्या वस्तीतले खून एकाच एफआयआरमध्ये कोंबले होते, कोण कोणी मारला याचा पत्ताच नाही, अशी केस कोर्टात उभी राहतच नाही. 1985 मध्ये पीडितांची बाजू मांडायला सिटिझन्स जस्टिस कमिटी झाली, माजी सरन्यायाधीश सिक्री अध्यक्ष, आणि आपल्या सासवडचे न्या. वि. म. तारकुंडे पण त्यात होते, हे मराठी लोकांना फारसं माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते. या हिंसाचाराच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या मिश्रा आयोगाने काम बंद दाराआड चालवलं तेव्हा कमिटी त्यातनं बाहेर पडली. मग समित्या आल्या, 2000 मध्ये पुन्हा चौकशीसाठी नानावटी आयोग आला, तारखा पडत राहिल्या, आणि फुलका पीडितांकडून फी न घेता उभे राहत राहिले.

2014 मध्ये ते आम आदमी पक्षाकडून लुधियानातून लोकसभेला उभे राहिले. 19,709 मतांनी पडले. 2017 ला दाखा मतदारसंघातून पंजाब विधानसभेत निवडून आले आणि थेट विरोधी पक्षनेते झाले, म्हणजे कॅबिनेट दर्जा. इथेच पेच आला. नुसत्या आमदाराला वकिली करता येते, पण या पदावर असताना करता येणार नाही असं दिल्लीच्या बार कौन्सिलने सांगितलं. म्हणजे एकतर खुर्ची नाहीतर 1984 च्या केसेस. जुलैमध्ये, काही महिन्यांतच, त्यांनी खुर्ची सोडली. आमच्या बार रूममध्ये तेव्हा बरेच जण म्हणाले की वेडेपणा आहे, एवढं पद कोणी सोडतं का. मला नाही वाटला वेडेपणा. ज्या बाईने तीस-तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात तिला ऐन सुनावणीत नवीन वकील दिला तर त्या नव्या माणसाने सगळं पहिल्यापासून वाचायचं कधी?

पुढे 2018 मध्ये पंजाबातल्या बरगाडीच्या बेअदबी प्रकरणावरून, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाच्या विटंबनेवरून, त्यांनी आमदारकीचाही राजीनामा दिला, ते मात्र मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. दाख्याच्या लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलं होतं, त्यांचं काय? पण त्याच वर्षी 17 डिसेंबरला दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला. खालच्या कोर्टाने 2013 मध्ये निर्दोष सोडलेल्या काँग्रेसचे माजी खासदार सज्जन कुमारना दिल्लीतल्या राजनगरच्या 1984 मधल्या पाच खुनांसाठी जन्मठेप. 34 वर्षांनी. त्यातली मुख्य साक्षीदार बाई, नवरा आणि मुलगा गमावलेली, शेवटपर्यंत साक्षीवर ठाम राहिली होती. मी तो निकाल पूर्ण वाचला, रात्री जागून, आणि वाचताना सारखे बाईंनी खोडलेले ते तीन शब्द आठवत होते. फेब्रुवारी 2025 मध्ये 1984 च्याच, दिल्लीतल्या सरस्वती विहारच्या खुनांच्या केसमध्ये सज्जन कुमारना दुसरी जन्मठेप झाली.

आता शाळेतल्या ज्या मुलामुलींना बारावीनंतर लॉ करायचंय त्यांनी एक दिवस माझ्याबरोबर कडकडडूमा कोर्टात चला, खुल्या सुनावणीला कुणालाही बसता येतं. सकाळी लवकर या, डबा आणा, उशीर होतो. माझा नंबर शाळेच्या ऑफिसमध्ये दिलेला आहे.