पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

दरमहा पगाराची चिठ्ठी हाती आली की ‘व्यवसाय कर २०० रुपये’ या ओळीवर माझी नजर थांबते. फेब्रुवारीत ही रक्कम ३०० होते आणि वर्षाचे २,५०० रुपये भरतात; त्याहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही, कारण ती मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच घातलेली आहे. हे पैसे कशासाठी कापले जातात, असे कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांना विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी, आणि करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असेही ठरले. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या मजुरीचा वाटा उचलावा, असा हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

माझी आजी सांगोला तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरे विकावी लागली आणि तिने गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर नाव घातले. सकाळी मुकादम हजेरी घेई, पुरुष खोदत, बायका डोक्यावर पाटी घेऊन भरावावर माती टाकत, आणि आठवड्याच्या शेवटी टेपने खड्ड्याचे माप घेऊन मजुरी ठरे. कामावर मिळणाऱ्या सुकडीतली, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊतली, मूठभर ती पदराला बांधून माझ्या वडिलांसाठी आणत असे. डोक्यावर मध्यभागी केस विरळ झाले होते, ते पाटीने गेले असे ती शेवटपर्यंत सांगे.

सरकारने अर्थव्यवस्थेत नेमके कुठे उतरावे, या प्रश्नाचे उत्तर मला त्या भरावावर सापडते. दुष्काळात शेतीची सगळी कामे एकाच वेळी थांबतात; बाजारात धान्य आले तरी ते घ्यायला मजुराच्या हाती पैसा नसतो, आणि अशा वेळी माळरानावर तलाव बांधण्यात कोणत्याही खाजगी गुंतवणूकदाराला नफा दिसत नाही, दिसावा अशी अपेक्षाही करता येत नाही. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्या लोकांना काम देण्याची ताकद सरकारखेरीज कुणाकडेही नव्हती.

तरीही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट त्यानंतरची आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा जो प्रयोग करून पाहिला होता, त्याचा पुढे कायदा झाला. विधिमंडळाने तो १९७७ मध्ये संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यायचे, अशी जबाबदारी सरकारने स्वतःवर घेतली. त्याआधी दुष्काळ जाहीर होण्याची वाट मजूर पाहत असे. कायद्यामुळे, निदान कागदावर तरी, अर्ज येण्यापूर्वीच कामांचे आराखडे तयार ठेवणे प्रशासनाला भाग पडले. पुढे २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

या योजनेचा मला अभिमान आहे, म्हणूनच तिच्यातली उणीव सलते. मजुरीवर निदान ६० टक्के खर्च व्हावा हा नियम योग्यच होता, पण बांधलेल्या कामाची देखभाल कुणी आणि कोणत्या पैशातून करायची याची व्यवस्था तितक्या काळजीने झाली नाही. मुरमाचे कित्येक रस्ते दोन-तीन पावसाळ्यांत वाहून गेले. याउलट १९९० मध्ये फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली, तेव्हा शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात झाडे उभी राहिली आणि ती त्याने जपली. आमच्या भागातल्या डाळिंबाच्या बागा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मालक ठाऊक असला की वस्तू टिकते, आणि तलावाला मात्र असा मालक लाभला नाही.

आजीच्या तलावाखालच्या विहिरींना पूर्वी उन्हाळ्यातही पाणी असे. आता तलाव गाळाने अर्धा भरला आहे आणि सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेचे, दगड निखळले आहेत. गावकऱ्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला तेव्हा एका कार्यालयाने हा तलाव आपल्या यादीत नसल्याचे कळवले आणि दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवले. गाळ काढून शेतात नेण्याची योजना २०१७ पासून आहे, गाळ न्यायला शेतकरी तयार आहेत, पण सांडवा बांधल्याशिवाय गाळ काढून उपयोग नाही, कारण पुढच्या मोठ्या पावसात भरावच फुटेल. काम मागण्याचा हक्क जसा कायद्याने दिला, तसाच जुन्या कामाची दुरुस्ती मागण्याचा हक्क गावाला मिळावा आणि त्यालाही १५ दिवसांसारखी ठरलेली मुदत असावी, असे मला मनापासून वाटते. माझे दोनशे रुपये त्या सांडव्याच्या दगडांवर खर्च झाले तर मला हवेच आहेत.