माजघराची भिंत आणि मठाचं तळघर

परवा मुंजीत, भर पंगतीत, पुन्हा तेच. "आपला वाडा पडला, आणि तू फ्रान्समध्ये दारूची तळघरं सावरत बसलास?" तेव्हा मान खाली घालून जेवलो. आता सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

'दारूची' म्हटलं की मला राग येतो. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातले सिस्टर्शियन पंथाचे ख्रिस्ती साधू स्वतः राबणारे. १०९८ मध्ये तिथल्याच सिटो गावी त्यांचा पहिला मठ उभा राहिला, पुढे आसपास द्राक्षमळे आले. त्यांच्या नियमात माणशी रोज वाइनचं एक लहान माप ठरलेलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारने घेऊन लिलावात काढल्या. आम्ही दुरुस्त करतो ते तळघरही असंच हात बदलत एका शेतकरी कुटुंबाकडे आलंय.

आत बारा-तेरा अंशांचा गारवा, दगडी कमानी, २२८ लिटरची पिंपं. जमीन मुद्दाम खडीची ठेवलेली. हवा कोरडी वाटली की तिच्यावर सडा घालावा तसं पाणी शिंपडतात, नाहीतर पिंपांतली वाइन उडून जाते. भिंतींवर काळी बुरशी असते, पिंपांतून झिरपणाऱ्या वाफेवर जगणारी. तिला आम्ही हात लावत नाही.

पहिल्या वर्षी मला खालच्या थरांचं काम दिलं. तिथल्या सांध्यांत पूर्वी कुणीतरी सिमेंट भरलेलं. छिन्नीने ते उचकटलं की दगडाचाही पापुद्रा सुटून यायचा. भिंतीतली ओल चुन्याच्या सांध्यातून सुकते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल दगडात शिरते, तिच्यातले क्षार आत साठतात आणि दगड फुटतो. आमची मुकादम हे समजावत होती आणि मला आपलं माजघर दिसत होतं.

त्या मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मी करायला लावला. मी, आप्पाकाकांनी नाही. त्यांनी म्हातारा गवंडी बोलावला होता. तो म्हणाला, चुना महिनाभर मुरू द्या, मग बघू. मी तेवीस वर्षांचा, नुकता डिप्लोमा झालेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "चुन्याचे दिवस गेले." आठ दिवसांत भिंत गुळगुळीत झाली आणि तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक केलंत. तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा पोकळ वाजू लागला. भेग एकही नव्हती, म्हणून मी म्हटलं काही होत नाही. चौथ्या श्रावणात भिंतीने पोट काढलं आणि एका रात्री ती बसली. भिंतीतल्या सागवानी खांबाचा बुंधा हाताने कुस्करला जात होता. काकू त्या रात्री माहेरी होती, नाहीतर तिचं अंथरूण तिथेच असायचं. आप्पाकाकांनी दोन दिवस खपून विटा परड्यात रचल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या वर्षी पाऊस फार झाला असं तुम्ही म्हणत राहिलात आणि मी म्हणू दिलं.

त्या तेवीस वर्षांच्या मुलाशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, चुना मळायची घाणी होती कुठे? पैसे कोण देणार होतं? कौलं आधीच गळत होती, चुन्यानेही भिंत वाचली नसती. यातलं काय खोडून काढू? घाणी खरंच नव्हती. पण गवंडी होता, समोर उभा होता.

तिकडे या कामाला पैसे मिळतात, हेही खरं. केवळ पश्चात्तापापोटी तिथे राहतो असं म्हणालो तर खोटं होईल.

परड्यातल्या विटा कुणी हलवू नका. डिसेंबरात तिकडे गोठतं, बाहेरच्या भिंतींचं चुन्याचं काम थांबतं, तेव्हा येतो. त्यांना चिकटलेला जुना चुना मला खरवडून बघायचाय. तो गवंडी असेल तर त्यालाही विचारून ठेवा.