तुम्ही विचारलंत म्हणून : वीज कुठे अडली?

संलयनाचा, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो : "२०२२ साली कॅलिफोर्नियात जमलं होतं ना? मग वीज कुठे अडली?"

जमलं होतं, खरंच. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर झोतांनी २.०५ मेगाजूल ऊर्जा आत गेली आणि ३.१५ बाहेर आली. लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाजूल वीज लागली, तो प्रश्न आहेच. पण मी लोकांना आधी इंधनाच्या गोळीकडे घेऊन जातो.

जेमतेम दोन मिलिमीटरची गोळी. लेसरच्या जोराने ती सगळ्या बाजूंनी सारखी आत चिरडली गेली, की आतलं इंधन पेटतं. कवच कृत्रिम हिऱ्याचं, आतून ड्युटेरियम-ट्रिटियमच्या, म्हणजे हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांच्या, बर्फाचा थर. चिरडणं सारखं व्हायचं तर हा थर गुळगुळीत हवा. तो गुळगुळीत कसा होतो हे सांगताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, त्यातून सतत थोडी उष्णता निघते. थर जिथे जाड, तिथे बर्फ किंचित जास्त तापतो, त्याची वाफ होते आणि ती पातळ जागी जाऊन गोठते. गोळी आपला थर आपणच सारखा करते! पण याला तासन्‌तास लागतात, कधी काही दिवस. एक गोळी एकदाच पेटते; वीजकेंद्रात सेकंदाला दहा गोळ्या धरा, दिवसाला ८,६४,००० होतात.

म्हणून फोमचं अस्तर. कवचाच्या आत बारीक छिद्रांचा अतिशय हलका फोम असतो; त्यात इंधन द्रवरूपातच सोडायचं. स्पंजात पाणी मुरावं तसं ते मुरतं. थराचा आकार फोमने आधीच ठरवलेला असतो, गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. कल्पना १९८०च्या दशकातली. लिव्हरमोरमध्ये अलीकडे असं अस्तर थ्रीडी प्रिंटिंगने बनवलं गेलं.

वेळ वाचतो, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेगळंच. इंधन द्रव असलं की तापमान थोडं वाढवता येतं, मग मधल्या पोकळीतली वाफ दाट होते. वाफ दाट असली की गोळी तितकी आत चिरडावी लागत नाही. बर्फाच्या गोळीत त्रिज्या तीसेक पटींनी घटवावी लागते, इथे त्याच्या निम्म्या, पंधराएक पटींवर भागू शकतं. त्यामुळे दाबातला थोडाफार असमतोल खपून जातो.

याची किंमत मोजावी लागते. कमी चिरडलेली गोळी पेटवायला लेसर अधिक ताकदीचा लागतो. शिवाय फोममध्ये कार्बन असतो. तो इंधनात मिसळला की उष्णता क्ष-किरणांवाटे निसटते आणि पेटणं अवघड होतं. म्हणून फोम होईल तितका विरळ हवा, आणि तरीही द्रव आत शिरताना तो आकसून कवचापासून सुटता कामा नये.