हजेरीच्या वेळचं हसू

"दाखला हातात द्या आणि विषय संपवा." मी, शाळेची समुपदेशक, मोठ्या बाईंच्या खोलीत पोचले तेव्हा एवढंच चाललं होतं. आठवी 'ब'मधल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी दुसऱ्याच्या कपाळावर स्टीलची बाटली हाणली होती. ज्याला लागलं तो कबड्डी संघाचा कप्तान, सगळ्या शिक्षकांचा लाडका. त्याला टाके घालायला दवाखान्यात नेलं होतं आणि त्याचे वडील फोनवरून पोलिसांत जायची भाषा करत होते. ज्याने मारलं तो दाराबाहेर भिंतीला टेकून उभा. त्याची आई कामावरून निघाली होती, पण लोकल लेट.

मी दाखल्याचं आधी निकालात काढलं. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १६. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची मुभा दिली, काढून टाकायची नाही. "मग तुम्हीच सांगा काय करायचं ते," बाई वैतागून म्हणाल्या. मी शाळा सुटेपर्यंतचा वेळ मागून घेतला.

मुलगा माझ्या खोलीत येऊन बसला. त्याला बोलताना अडखळायला होतं. अशा मुलाला 'सावकाश बोल' म्हणणं किंवा त्याचं वाक्य आपण पुरं करणं, दोन्ही वाईट, म्हणून मी नुसती थांबले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ह-हजेरीला या."

मधल्या सुट्टीनंतरची हजेरी सुरू व्हायच्या बेतात होती. मी जाऊन मागच्या बाकावर बसले. वर्गशिक्षिका हजेरीपटात डोकं घालून नंबर पुकारत होत्या. सतरा. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "ह-ह-ह-हजर!" वर्ग खदखदून हसला. बाईंच्याही ओठांवर हसू आलं आणि पेन अठराकडे सरकलं.

सतरा नंबर तेव्हा माझ्या खोलीत बसला होता. कप्तान दवाखान्यात. ज्या दोघांचं 'भांडण' म्हणून मघापासून शाळा डोक्यावर घेतली होती, त्यांच्यातलं कुणीच वर्गात नव्हतं, आणि छळ मात्र बिनबोभाट चालू होता. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण अंगावर काटा आला तो तेव्हा.

स्टाफरूममध्ये एका सरांचं म्हणणं, दोघांना समोरासमोर बसवा, हात मिळवायला लावा. बरोबरीच्यांत जुंपली असेल तर मीही तेच करते. पण नॉर्वेत आयुष्यभर या विषयावर काम केलेल्या डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: जाणूनबुजून केलेला, पुन्हा पुन्हा होणारा, आणि ज्यात एकाचं पारडं जड असतं असा. इथे एका पारड्यात एक मुलगा आणि दुसऱ्यात अख्खा वर्ग. अशा वेळी मांडवली केली की ज्याचं पारडं हलकं, त्यालाच पुन्हा मान तुकवावी लागते.

मग मी वर्गात शाळेचा साधा नकाशा वाटला. नावं लिहायची नाहीत, जिथे थांबायला नको वाटतं तिथे लाल फुली मारायची. नळापाशी आणि जिन्याखाली फुल्या पडणार हे अपेक्षितच होतं. पण स्वतःच्याच वर्गावर फुली मारणारीही बरीच निघाली. म्हणजे हसणाऱ्यांतल्या कित्येकांना 'उद्या आपला नंबर' ही धास्ती होती. कॅनडात शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून झालेला २००१चा एक अभ्यास मी शिक्षकांना नेहमी सांगते. छळाच्या दहातल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत बघे हजर होते. त्यातलं कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. पण मध्ये पडणारे फार थोडे.

वर्गशिक्षिका दुखावल्या. "अहो, मुलं गंमत करतात." मी वाद घातला नाही, त्यांच्यासमोर नकाशांचा गठ्ठा ठेवला.

पुढच्या आठवड्यात हसण्यात पुढे असणाऱ्यांना एकेकटं बोलावलं. स्वीडनच्या आनातोल पिकास यांची ही पद्धत. आरोप करायचा नाही, 'तो मुलगा त्रासात आहे असं दिसतंय, तुला काय वाटतं?' एवढंच विचारायचं. कंपू फुटला की पोरं माणसात येतात. कप्तान बराच वेळ पट्टी चाचपत बसला, मग म्हणाला, "मी नाही केलं तर माझं करतील."

बाटली मारली ती मारलीच. छळ झाला म्हणून डोकं फोडायचा परवाना मिळत नाही, हे मी त्या मुलालाही स्पष्ट सांगितलं. दवाखान्याचा खर्च त्याच्या आईने आपणहून दिला. तिला मी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचा पत्ता दिला, तिथे वाचा-उपचार होतात. हजेरीला सगळ्यांनीच नुसता हात वर करायचा, असं मी सुचवलं, तर पोरगं मान हलवायला लागलं. त्याला 'हजर' म्हणायचंच होतं, फक्त दुसऱ्या कुणी त्याच्याआधी म्हणायला नको होतं. ती जबाबदारी आता वर्गशिक्षिकांकडे आहे.

नळापाशी मधल्या सुट्टीत पी.टी.च्या सरांची ड्युटी लागली. चहा गार होतो म्हणून ते माझ्यावर अजून धुसफुसतात.