तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलमध्ये राजकारण कशाला?

"मॅचवर बरं लिहितोस की. मधेच राजकारण कशाला घुसडतोस?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, तालमीच्या कट्ट्यावर झालाय, पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये झालाय. एका डेंटिस्टनं तर माझ्या तोंडात नळी असताना विचारला. तिथं उत्तर देता आलं नाही. बाकी ठिकाणी दिलं ते दर वेळी वेगळं दिलं, आणि घरी आल्यावर दर वेळी वाटलं, हे नव्हतं सांगायचं. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकतो. विचारणारी बहुतेक माणसं माझीच आहेत, वाईट वाटून घेऊ नये.

आधी भांडून घेतो.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. टीम कुठली ते सांगत नाही, नाहीतर निम्मे लोक इथंच वाचायचं थांबवतील. शाहू स्टेडियमवर ज्या चषकांसाठी आपल्या पेठा एकमेकांच्या उरावर बसतात त्यांची नावं घ्या. सतेज चषक. अटल चषक. ही नावं काय सेंटर फॉरवर्डची आहेत? पुढाऱ्यांची आहेत. चंद्रकांत चषकाचं तर विचारूच नका. चंद्रकांत जाधव स्वतः मैदानावर घाम गाळलेला माणूस. २०१९ ला कोल्हापूर उत्तरचे आमदार झाले, २०२१ च्या डिसेंबरात गेले, आणि पुढच्या एप्रिलच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी निवडून आल्या. मालोजीराजे माजी आमदार, ते देशाच्या फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर गेले. त्यांचे वडील शाहू महाराज २०२४ ला खासदार झाले. बक्षीस समारंभात स्टेजवर कोण कुणाच्या शेजारी बसलाय एवढं बघून आमच्या गॅलरीतले आजोबा महापालिकेचं तिकीट कुणाला ते सांगतात. बऱ्याचदा बरोबर सांगतात. आणि राजकारण घुसडतो कोण, तर मी!

बरं, गावाबाहेर चला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफानं भारतावर बंदी घातली ती काय आपल्या बॅकनं पेनल्टी बॉक्समध्ये कुणाला पाडलं म्हणून? महासंघाच्या अध्यक्षांना खुर्ची सोडवेना, कोर्टानं प्रशासक नेमले, फिफा म्हणाली बाहेरच्यांची ढवळाढवळ चालणार नाही. त्या गोंधळात गोकुलम केरळच्या मुली ताश्कंदला पोचलेल्या होत्या, आशियाई क्लब स्पर्धा खेळायला. न खेळता परत आल्या. दोन आठवड्यांच्या आत बंदी उठली, पण त्या मुलींची स्पर्धा निघून गेली ती गेलीच. मी त्यावर लिहिलं, तर एका सद्गृहस्थांनी कळवलं की तुमचं फुटबॉलचं लिखाण जास्त आवडतं.

आणि परवाचं? महासंघाचा आणि आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला, नवा होईना, प्रकरण सुप्रीम कोर्टात. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग फेब्रुवारी उजाडेपर्यंत सुरू झाली नाही. मधल्या काळात, २०२५ च्या ऑक्टोबरात, मडगावला फातोर्ड्यावर छांगटेनं आपल्याला पुढं नेलं, मग सिंगापूरनं दोन मारले आणि आशियाई कपचं तिकीट हातचं गेलं. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडून हरलो. खेळाडू पगाराची वाट बघत होते, मैदानं रिकामी होती, आणि डिसेंबरात मेस्सी मुंबईत येतो तो कुठं, तर वानखेडेवर. क्रिकेटच्या मैदानावर. त्याच्या आदल्या दिवशी कोलकात्यात साल्ट लेक स्टेडियमवर लोकांनी खुर्च्या उपटून फेकल्या, कारण हजारो रुपये मोजून त्यांना मेस्सीऐवजी मेस्सीभोवतीच्या पुढाऱ्यांची पाठ दिसली. कोल्हापूरच्या गॅलरीत बाटली उडाली की 'हुल्लडबाज' म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी 'चाहत्यांचा संताप' असा शब्द वापरला. असो.

त्याच साल्ट लेकच्या बाहेर २०२४ च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये बलात्कार करून मारलेल्या डॉक्टर मुलीसाठी मोहन बागान आणि ईस्ट बंगालची माणसं एकत्र उभी राहिली. बंदोबस्ताचं कारण देऊन डर्बी, म्हणजे या दोन टीमची आपसातली मॅच, रद्द केली होती. मॅचला पोलीस नाहीत म्हणून मॅच रद्द, आणि निदर्शनांवर लाठी चालवायला पोलीस हजर. शंभर वर्षं एकमेकांची तोंडं न बघणारे लोक एकमेकांच्या खांद्यावर बसून घोषणा देत होते. त्यांनी काय फुटबॉल सोडून राजकारण केलं म्हणायचं?

हे सगळं मी तोंडपाठ म्हणतो. समोरचा गप्प बसतो आणि मला जिंकल्यासारखं वाटतं. पण खरं उत्तर हे नाही. कारण 'फुटबॉलमध्ये राजकारण कशाला' हा प्रश्न काही वर्षांपूर्वी मीच विचारायचो. नुसता विचारायचो नाही, तो नियम करून लावायचो.

आमच्या गॅलरीतल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ॲडमिन मी. ग्रुपच्या माहितीत मी लिहून ठेवलं होतं: 'इथं फक्त फुटबॉल. राजकारण, धर्म, गुड मॉर्निंग बंद.' गुड मॉर्निंगवरून काही जण रुसले, बाकीचं सगळ्यांना पटलं. ग्रुपमध्ये दोन्ही काँग्रेसची पोरं होती, दोन्ही शिवसेनेची होती, भाजपची होती. त्या ग्रुपचा मला फार अभिमान होता.

त्यात एक होता, त्याला आम्ही लाइनमन म्हणायचो. गॅलरीत माझ्याखाली दोन पायऱ्यांवर बसायचा आणि ऑफसाइड वाटला की खऱ्या लाइनमनच्या आधी खिशातला पिवळा रुमाल वर करायचा. आपल्याच टीमच्या विरोधात असला तरी करायचा. त्यावरून त्यानं शिव्या खाल्ल्यात, एकदा पाठीत शेंगांची पुडी खाल्ली, पण रुमाल खाली घेतला नाही. मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो मुसलमान आहे. गॅलरीत हे कधी सांगायची वेळ आली नाही, असं मी पूर्वी छाती फुगवून म्हणायचो. त्याच्यावर ती वेळ कुठं कुठं येत होती, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

जून २०२३. आपला सीझन आटोपला होता. शनिवारी, १० तारखेला, इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल, मँचेस्टर सिटी आणि इंटर मिलान. एकाच्या गच्चीवर पडदा लावायचा बेत होता आणि प्रोजेक्टर लाइनमन आणणार होता. मी पुण्याहून शुक्रवारी रात्री निघणार होतो. ग्रुपवर वाद एवढाच, की वडा कोल्हापुरी करायचा का बाहेरून मागवायचा.

मग ते औरंगजेब-टिपूच्या व्हॉट्सॲप स्टेटसचं प्रकरण झालं. ७ तारखेला हिंदुत्ववादी संघटनांची बंदची हाक, शिवाजी चौकात गर्दी, दगड, लाठीमार, अश्रुधूर. तुम्हाला माहीतच आहे, तुमच्यातले कितीतरी जण तिथल्या गल्ल्यांत राहतात. मी पुण्यात मीटिंगमध्ये बसून टेबलाखाली फोन बघत होतो. दुपारी ग्रुपवर एकानं गर्दीचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलेलं: 'आता कळेल.' कुणाला आणि काय कळेल ते लिहिलं नव्हतं. थोड्या वेळानं लाइनमनचा फोटो आला. अर्धं ओढलेलं शटर, आत काउंटरची काच फुटून मोबाईलच्या कव्हरांवर पडलेली. एका कव्हरावर मेस्सीचा दहा नंबर होता, तो मला आजही दिसतो. खाली लिहिलेलं: 'मी कुणाचं काय वाकडं केलतं?'

मी दोन्ही मेसेज डिलीट केले. सगळ्यांसाठी. आणि लिहिलं: 'नियम सगळ्यांना सारखा. शनिवारचं बोला.' दोघातिघांनी अंगठे दिले.

कोल्हापुरात नेट बंद झालं. ते परत आलं तेव्हा त्याला त्याच्या फोटोच्या जागी 'ॲडमिननं हा मेसेज डिलीट केला' एवढंच दिसलं असणार. त्यानं काही लिहिलं नाही. ग्रुप सोडला. गच्ची रद्द झाली, मी फायनल पुण्यात खोलीवर बघितली. अडुसष्टाव्या मिनिटाला रॉड्रीनं गोल केला तेव्हा ग्रुपवर धुरळा उडाला. नेट बंद असलं तरी फोन चालू होते, हे इथं सांगायला हवं. मी त्याला फोन केला नव्हता.

डिसेंबरात सीझन सुरू झाल्यावर तो स्टेडियमबाहेर चहाच्या गाडीवर भेटला. नवी काच बसवली होती. इकडचं तिकडचं झालं, मग तोच म्हणाला.

"दोन्ही काढलास न्हवं?"

"दोन्ही. एकाचा ठेवला असता तर म्हणाला असतास."

"त्यो व्हिडिओ हुता. माझं दुकान हुतं."

"अरे, पण नियम—"

"काच फुटली हे राजकारण हाय व्हय?" चिडला नव्हता, खरंच विचारत होता. "मग मला आदल्या दिवशी सांगायचंस, मी फुटबॉल म्हणून टाकली असती."

मी हसलो. तो हसला नाही. चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. आता तो समोरच्या बाजूला बसतो. रुमाल वर करतो, मला इकडून दिसतो.

आता यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे तुझं चुकलं आणि म्हणून तू आता राजकारणावर लिहितोस. एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. मी आजही त्या दुपारच्या माझ्याशी भांडतो आणि दर वेळी तो हरतोच असं नाही. तो म्हणतो, फोटो ठेवला असता तर त्याखाली काय काय आलं असतं ते तुला माहीत आहे. ग्रुपमधली निम्मी पोरं त्या क्षणी रस्त्यावर होती, काही बघायला, काही कशाला ते विचारू नये. पोलीस ग्रुपच्या ॲडमिनना बोलावत होते. तू पुण्यात ए.सी.त होतास, ती पोरं गल्लीत होती. हे तो म्हणतो आणि माझ्याकडं याला उत्तर नाही. मी म्हणतो, व्हिडिओ काढायचास आणि फोटो ठेवायचास. तो म्हणतो, मग कुणाच्या बाजूचा म्हणून मिरवला असतास? मी म्हणतो, ज्याची काच फुटली त्याच्या. तो म्हणतो, हे आता म्हणायला सोपं आहे. इथं येऊन आम्ही दोघं अडकतो.

एक मात्र त्याला विचारतो तेव्हा तो गप्प होतो: फोन का केला नाहीस? फोनला कुठला नियम आडवा येत होता?

आणि तुमचंही म्हणणं मला कळत नाही असं नाही. आमचे एक काका शिरोलीला फौंड्रीत होते. पहिली पाळी करून, अंगाला भट्टीचा वास घेऊन स्टेडियमवर यायचे. ते म्हणतात, "दिवसभर टीव्हीवर त्येच, घरात त्येच. दोन तास तरी माणसाला बॉलकडं बघू दे की रे." त्यांच्यापुढं मी आर. जी. कर काढत नाही, फिफा काढत नाही. २०१९ च्या महापुरात याच पेठांतल्या पोरांनी कुणाचं नाव-आडनाव न विचारता माणसं बाहेर काढली, ती एकमेकांना गॅलरीतूनच ओळखत होती, हेही ते ऐकवतात. खरं आहे. बोटीत कुणी स्टेटस बघत नव्हतं. पण मग चार वर्षांनी, त्याच गल्ल्यांत? याच्यावर काका म्हणतात, "ते येगळं." कसं वेगळं ते त्यांनाही सांगता येत नाही.

माझ्याबद्दलची एक गोष्ट तुमच्याआधी लाइनमनच्या लक्षात आली. मागच्या वर्षी मी आयएसएलच्या कोर्टकज्ज्यावर लांबलचक लिहिलं, बऱ्याच जणांनी ते पुढं पाठवलं. ते त्याच्याकडंही पोचलं. मॅचनंतर गेटाशी भेटल्यावर म्हणाला, "दिल्लीवर लई भारी लिव्हतोस." एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारली. मी पुण्यापर्यंत तेच घोळवत आलो. खरंच की. फिफावर लिहिलं, कोलकात्यावर लिहिलं, महासंघाच्या खुर्च्यांवर लिहिलं. त्यातला कुणी मला मंगळवार पेठेत आडवा येणार नाही. त्या दुपारबद्दल आजपर्यंत एक ओळ लिहिली नव्हती. 'राजकारण कशाला' असं तुम्ही विचारता तेव्हा मी चिडतो ते बहुतेक याच्यामुळं. तुम्हाला वाटतं मी फार राजकारण लिहितो, आणि मला माहीत आहे की जे लिहायचं होतं ते सोडून मी बाकीचं सगळं लिहितो.

ग्रुप अजून आहे. लाइनमनला परत घेऊ का म्हणून मी त्याला विचारलं होतं, तो म्हणाला बघू. नियमही अजून आहे, गुड मॉर्निंगसकट. काढून टाक म्हणणारे दोघं-तिघं आहेत, ठेव म्हणणारे जास्त आहेत, आणि मी काहीच करत नाही. डिसेंबरात वानखेडेवरचा मेस्सीचा आणि मुख्यमंत्र्यांचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. खाली हृदयं, आगीच्या ज्वाळा, टाळ्या. कुणीही नियमाचं नाव काढलं नाही. फोटो अजून तिथंच आहे.